न धरलेल्या फेऱ्या

दोराचा एक पीळ उसवला होता. नावाडी काठावर उकिडवा बसून तो सांधत होता, आणि त्याची बायको नावेत उतरून तळाशी साचलेलं पाणी डब्याने उपसत होती. तेवढ्यात धाकटीने शेडच्या भिंतीवरचा कागद वाचायला घेतला. सकाळच्या पहिल्या फेरीला एक शिपाई आला होता, खळीचा डबा घेऊन. कागद चिकटवून लगेच परत गेला. कुणाशी चकार शब्द बोलला नव्हता.

"बाबा, पुलाचं आलंय."

नावाड्याने मान वर केली नाही. पिळात पीळ घालताना मान वर केली की पुन्हा पहिल्यापासून. या काठच्या खांबापासून त्या काठच्या खांबापर्यंत मनगटाएवढा जाड दोर ताणलेला, आणि नावेत उभं राहून तो हातांनी मागे ओढत न्यायचा, म्हणजे नाव पुढे सरकते. पंचवीस वर्षं तो हेच करत होता. त्याचे तळवे टाचेसारखे झाले होते. गरम भांडं तो चिमट्याशिवाय उतरवायचा.

"काय म्हणतात?" बायकोने विचारलं.

"तीन पर्याय पाहिले म्हणे. एक, पूल इथं आपल्या धक्क्याला. दोन, पूल वर खडीच्या खाणीपाशी. तीन, पूल नकोच, नुसती इंजिनाची नाव आणि पायऱ्या." धाकटीचं बोट ओळीवरून सरकत होतं. "पसंतीचा पर्याय, दोन."

"खाणीपाशी? अकरा किलोमीटर वर? तिथं राहतंय कोण? घारी?"

"पुढे कारणं दिलीत. गुण दिलेत, परीक्षेसारखे. दोन नंबरला पाच गुण जास्त पडलेत."

"कशात जास्त?"

धाकटीने ओळ एकदा मनात वाचली, मग एकदा बापाकडे बघितलं आणि मोठ्याने वाचलं, "पर्याय एक. वर्दळ, रोज अठ्ठेचाळीस माणसे. दीडशेच्या आत असल्याने दहापैकी दोन गुण. आधार, नावाड्याचे स्वतःचे लेखी निवेदन."

डबा थांबला.

"अठ्ठेचाळीस?" बायको म्हणाली. "सकाळच्या शाळेला तेवढी नुसती कारटी असतात!"

"चार फेऱ्या," नावाडी म्हणाला. अजून तो दोराकडेच बघत होता. "बारा-बारा माणसं. बारा चोक अठ्ठेचाळीस. मी खोटं नाही सांगितलं."

आणि त्याने खोटं सांगितलंही नव्हतं. हीच तर खरी चीड येण्यासारखी गोष्ट. थंडीच्या दिवसांत एक तरुण इंजिनियर आला होता. पाठीवर नकाशांची लांब नळकांडी, म्हणून सगळ्यांनी त्याचं नाव नकाशावाला ठेवलं होतं. भला पोरगा. नावेत चढताना चप्पल हातात घेतली होती. मधोमध पाण्यात असताना त्याने फॉर्म काढून विचारलं, काका, रोज किती माणसं जातात? नावाड्याने दोर ओढता ओढता उत्तर दिलं आणि पलीकडे पोचल्यावर सही केली. सगळं मिळून चार मिनिटं.

पण नावाड्याचं माणूस म्हणजे वजन. त्याच्या बापाने त्याला नाव हातात दिली तेव्हा हेच शिकवलं होतं. नाव बारा माणसांची. तीन शाळकरी पोरं मिळून एक माणूस. मांडीवरचं मूल धरायचंच नाही. जाऊन येऊन एक फेरी, म्हणजे जाताना बारा नि येताना बारा असले तरी बाराच. आणि फेरी कशाला म्हणायचं, तर भरलेल्या नावेला. भरल्याशिवाय नाव सुटत नाही, हा नियम अख्ख्या पंचक्रोशीला पाठ. त्याला अपवाद एकच, आजारी माणूस. आजाऱ्याला एकटं न्यायचं, लगेच न्यायचं, घरच्यांशिवाय दुसऱ्या कुणाला सोबत घ्यायचं नाही. आणि ती नाव भरलेली नसते, म्हणून ती फेरी नसते. दर संध्याकाळी तो शेडच्या खांबावर कोळशाने रेघा ओढायचा, चार फेऱ्यांच्या चार. आजाऱ्याची रेघ त्याने कधी ओढली नाही. त्यात त्याला मोठेपणाच वाटायचा. माणुसकीची मोजदाद करत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

"आणि आजाऱ्यांच्या फेऱ्या?" बायकोने विचारलं.

"त्या फेरीत नाही धरत. तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. त्या पोराला माहीत होतं?"

नावाड्याने दोराचा पीळ आणखी आवळला.

"पूल कशासाठी मागत होतो आपण? पोरांना गंमत म्हणून? आजाऱ्यांसाठी मागत होतो ना? आणि तुम्ही तेच सोडून बाकीचं सांगून आलात!" तिने डबा नावेच्या कडेवर आपटला. "म्हणजे थोरलीची फेरीसुद्धा शून्यातच ना?"

धाकटी म्हणाली, "आई, राहू दे."

"का राहू दे? दोन वर्षं राहूच दिलंय."

थोरली बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा लागला तेव्हाच पाणी चढलेलं होतं. भर दुपारी अंगावरून जायला लागलं. सुईणीने दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले आणि म्हणाली, हे माझ्या हातातलं नाही, पलीकडे न्या. नावेत सतरंजी घातली, आईच्या मांडीवर डोकं. नावाड्याने दोर धरला, मदतीला आणखी दोघं. मधोमध गेल्यावर वाहत आलेलं एक झाड दोराला अडकलं आणि नाव तिथेच खिळली. तासभर. नावाडी कुऱ्हाडीने फांद्या तोडत होता, हाताची सालं निघाली होती, आणि आई लेकीचा गाल थोपटत म्हणत होती, आलंच बाई, आलंच. ते आलं नाही. नाव सुटली तेव्हा पलीकडे नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. संध्याकाळी नावाड्याने खांबावर रेघ ओढली नाही. त्या दिवशी भरलेली फेरी झालीच नव्हती.

आता त्याने सांधलेला दोर खाली ठेवला. सांधा धड जमला नव्हता.

"सुनावणी कधी आहे?" त्याने विचारलं.

"पुढच्या शुक्रवारी. आपल्याच शाळेत. हरकत असेल तर तिथं सांगायची."

"मग सांगू."

"काय सांगणार?" बायको म्हणाली. "बारा चोक अठ्ठेचाळीस?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोन बादल्या घेऊन धक्क्यावर बसली. एक रिकामी, एक नदीतल्या गोट्यांनी भरलेली. नावेत पाय टाकणाऱ्या दर माणसामागे एक गोटा या बादलीतून त्या बादलीत. पोराला एक. मांडीवरच्याला एक. जाताना एक आणि येताना पुन्हा एक.

पहिल्या दिवशी लोकांना गंमत वाटली. एक म्हातारा म्हणाला, "काकी, मी अर्धाच उरलोय, अर्धा गोटा टाका." लोहाराची सून सात महिन्यांची होती, ती पायरीवर थांबली. "काकी, मी एक की दोन?"

"एक. पुलावरून परत येशील तेव्हा दोन."

हसू पिकलं. पण दोन दिवसांनी हसणं संपलं आणि लोक आपणहून थांबायला लागले, आपला गोटा पडलेला बघायला. शाळेची पोरं तर ओरडूनच सांगायची, काकी, मी! काकी, मी पण! आयुष्यभर तिघांत एक म्हणून बसलेली पोरं ती.

नावाडी हे सगळं बघत दोर ओढत होता. धाकटी त्याच्या मागे उभी राहून ओढायची. बाप दमला की पुढे व्हायची. या आठवड्यात त्याने तिला पुढे होऊच दिलं नाही. तळव्याला गुंडाळायची चामड्याची पट्टी झिजून फाटली तरी उघड्या हाताने ओढत राहिला. बायको बघत होती. तिने पट्टी शिवून दिली नाही. तिच्या मनातला राग अजून निवला नव्हता, आणि खोटं कशाला बोला, तिला तो निवायला नकोच होता.

चौथ्या दिवशी नकाशावाला आला. सुनावणीसाठी शाळा बघून गेला, आता त्या काठच्या रस्त्याने खाणीकडे निघाला होता. पाठीवर नळकांडी. काकीने त्याला बादलीपाशीच गाठलं.

"बस इथं. तुझं काम आहे."

तो बसला. तिने त्याला सगळं सांगितलं, तिघांत एक, मांडीवरचं, जाऊन येऊन, आजारी. त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्याने खिशातून पेन काढलं आणि पुन्हा खिशात ठेवलं.

"काकी, मी विचारायला हवं होतं."

"हवं होतं. आता मला एक सांग. खाणीपाशी राहत नाही कुणी. मग तिथली वर्दळ एवढी आली कुठून?"

"ट्रक आहेत. खडीचे. दिवसाला साठ."

"साठच ना? साठ म्हणजे साठ."

नकाशावाला नदीकडे बघायला लागला. "ट्रक मोठा असतो, रस्ता जास्त अडवतो. म्हणून एक ट्रक तीन धरतात. असं पुस्तकातच आहे."

काकीला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. मग तळपायाची आग मस्तकात गेली.

"एक ट्रक म्हणजे तीन," ती सावकाश म्हणाली. "आणि तीन पोरं म्हणजे एक. वा रे तुमचं पुस्तक, आणि वा रे आमची नाव! ऐकलंत का हो?" तिने पाण्याकडे तोंड करून हाक मारली. नाव मध्यावर होती. नावाड्याने वळून बघितलं, पण त्याला काही ऐकू गेलं नव्हतं.

"आकडा बदला," ती म्हणाली. "एकशे नव्वदच्या खाली एकही दिवस नाही. दीडशेच्या वर दहा गुण आहेत ना? आम्हाला दोन दिलेत. आठ वाढले की आपण तीन गुणांनी पुढे. माझं चौथीपर्यंतच झालंय, पण एवढं येतं मला."

"मोजणीची मुदत संपली, काकी."

"माणसं संपली का?"

त्याने इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुम्हाला म्हणून सांगतो. अहवाल माझ्या हातात आला तेव्हा शेवटचं पान आधीच लिहिलेलं होतं. दोन नंबर. मला फक्त आधीची पानं भरायची होती. खर्च इकडे थोडा, जमीन तिकडे थोडी, तरी एक नंबर पुढेच जात होता. मग काकांचा अठ्ठेचाळीस आला. साहेब खूश झाले. म्हणाले, त्यांच्याच माणसाच्या तोंडून आलंय, आता कोण बोलणार."

"हे सुनावणीत सांगशील?"

नकाशावाल्याने नळकांडी पाठीवर नीट केली. "माझी नोकरी कायम व्हायचीय, काकी."

"मग ऊठ," ती म्हणाली. "नाव आलीये. बघ, भरली असेल तर सुटेल."

जाताना त्याच्या नावाचा गोटाही तिने बादलीत टाकला. तोसुद्धा माणूसच होता, काय करणार.

*

अर्ज शाळेच्या बाईंनी लिहिला. अक्षर मोत्यासारखं, भाषा अशी की वाचणाऱ्याने उठून उभं राहावं. खाली सह्या आणि अंगठे. दोन दिवस धाकटी तो कागद घेऊन घरोघर फिरली. पानाला पान चिकटवत गेली. चारशे बारा.

शुक्रवारी मोठे साहेब आले. जीप पलीकडच्या काठावर ठेवून नावेतून आले. सोबत कारकून, शिपाई आणि नकाशावाला. नावेतल्या फळीवर साहेबांना बसता येणार नाही असा आधीच निरोप होता, म्हणून नाव त्यांना आणायला सुटायच्या आधी शाळेतून खुर्ची आणायला माणूस धाडला. खुर्ची डोक्यावर घेऊन धाकटीच धावत आली. साहेबांनी तीसुद्धा रुमालाने पुसली. आणि नावाड्याने त्या चौघांनाच आणलं, भरायची वाट न बघता. सुनावणीला उशीर नको म्हणून. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा धडधाकट माणसांसाठी रिकामी नाव सुटली. बायकोने ते बघितलं आणि ओठ घट्ट मिटले.

शाळेचा मोठा वर्ग गच्च भरला होता. माणसं खिडक्यांत होती. साहेबांनी दहा मिनिटं सांगितलं. तिन्ही पर्याय कसे तटस्थपणे तपासले, गुण कसे दिले, दुसरा पर्याय जनतेच्या कसा हिताचा आहे. जनता ऐकत होती.

मग बाईंनी अर्ज वाचला. वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या. कारकुनाने कागदाची चळत हातात घेऊन जोखली, पहिलं पान उलटलं, रजिस्टरात एक ओळ लिहिली.

"हरकत क्रमांक एक," साहेब म्हणाले. "आणखी?"

कुणी उठलं नाही. सगळ्यांचं म्हणणं त्या कागदात होतं.

"म्हणजे एकूण हरकती, एक. लिहा."

"एक कशी?" काकी उभी राहिली. "चारशे बारा आहेत. मोजा."

"सह्या कितीही असू देत, बाई. एक कागद, एक हरकत. नियम आहे."

वर्गात कुजबुज झाली. काकीला वाटलं, हे आपण कुठेतरी ऐकलंय. आपल्याच घरात ऐकलंय.

"आणि हे निवेदन," साहेबांनी फाईलमधून फॉर्म काढून वर धरला. "नावाडी कोण?"

नावाडी भिंतीपाशी उभा होता. पुढे झाला.

"ही सही तुझीच?"

"माझीच."

"कुणी दमदाटी केली होती?"

"नाही."

"मग तेव्हा अठ्ठेचाळीस आणि आता एकशे नव्वद? चार महिन्यांत गावात एवढी प्रगती?" कारकून हसला. शिपाईही हसला. "अरे, पूल इथं झाला तर तुझी नाव बंद पडेल, एवढं तरी कळतं का तुला? आम्ही तुझ्या पोटाचाच विचार केला म्हण."

नावाड्याचे हात पाठीमागे होते. एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं होतं, गच्च. त्याला उत्तर येत होतं. पण आपला आकडा समोर कागदावर होता आणि तो खराही होता.

"नाव बंद पडावी म्हणूनच आलोय आम्ही," काकी म्हणाली. तिचा आवाज चिरकला आणि त्याचं तिला काही वाटलं नाही. "आमच्या पोटाची काळजी तुम्ही नका करू. आमच्या पोटचं गेलंय त्या नावेत!"

साहेबांनी घड्याळ बघितलं.

"भावना समजू शकतो," ते म्हणाले. "पण भावनेला रकाना नसतो. वेगवेगळ्या हरकती द्यायच्या असतील तर वेगवेगळ्या कागदावर द्या, पाचपर्यंत मुदत आहे. आता दीड वाजलाय. आम्हाला पुढे खाणीवर बैठक आहे, आम्ही निघतो. कार्यालयात आणून द्या."

कार्यालय पलीकडच्या काठापासून चाळीस किलोमीटर होतं.

बाईंनी भिंतीवरचा कागद आणवला होता. त्यांनी तो उलगडला. "साहेब, यात 'कार्यालयात' असं नाही. 'सुनावणी अधिकाऱ्याकडे सायंकाळी पाचपर्यंत' असं आहे."

"बरं. मग गाठा मला," साहेब म्हणाले आणि उठले.

*

चौघं नावेत बसले. साहेब खुर्चीवर, बाकीचे फळीवर. नावाडी काठावर खांबाला टेकून उभा राहिला.

"चल रे," साहेब म्हणाले.

"भरू दे."

"काय?"

"नाव भरल्याशिवाय सुटत नाही, साहेब. बारा माणसं लागतात. तुम्ही चार आहात."

"येताना तर आणलंस!"

"येताना चूक झाली."

साहेबांनी इकडे तिकडे बघितलं. धक्का रिकामा होता. सगळं गाव शाळेत. तिथे बाईंनी पोरांच्या वह्या मागवल्या होत्या आणि टरटर पानं फाडली जात होती.

"दुसरं कुणी ओढेल का ही?"

नकाशावाला पाण्याकडे बघत म्हणाला, "दोर ओढायला सवय लागते, साहेब." मग थोड्या वेळाने, कुणी विचारलं नसताना, "नाव भरल्याशिवाय सुटत नाही, हा इथला नियम आहे." एवढंच तो दिवसभरात बोलला.

"कुणी आजारी आहे का तुमच्यात?" नावाड्याने विचारलं. "आजाऱ्याला लगेच सोडतो."

कुणी आजारी नव्हतं.

दोन वाजायच्या सुमारास पहिला कागद आला. लोहाराची सून सावकाश पायऱ्या उतरली, नावेत न चढता वाकली आणि कारकुनाच्या मांडीवर कागद ठेवला. "नंबर घाला," म्हणाली. कारकुनाने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. कारकुनाने 'दोन' लिहिलं.

मग रांगच लागली. वहीची पानं, रेघांची, चौकटींची, एकदोन तर पाठीमागे पोरांची गणितं असलेली. बाईंनी सांगितलं होतं, सह्या नकोत, मजकूर हवा. आजारी म्हणून तुम्ही किंवा घरचं कुणी कधी एकटं नावेतून गेलं ते लिहा. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं धाकटी लिहून देत होती, मान मोडेपर्यंत. आणि कागद देताना लोक तो मोठ्याने सांगतही होते, कारण हातातून कागद सुटला की भरवसा कुणाचा.

"माझ्या सासऱ्यांना नेलं. छातीत कळ आली होती. पोचले."

"माझं पोर. खेळताना बी गिळली होती. नावेतच निळं पडलं. वाचलं."

"माझा भाऊ. पलीकडे पोचला, पण पुढे नाही."

"मी. दोनदा."

साहेबांना ऊन लागायला लागलं. त्यांनी रुमाल डोक्यावर घेतला. खुर्चीचा एक पाय फळ्यांच्या फटीत रुतला होता आणि हलायची सोय नव्हती. पिण्याचं पाणी संपलं तेव्हा काकीने घागर आणून त्यांच्यापुढे ठेवली, वर पेला पालथा घातला. माणुसकीत कमी करायचं तिच्या मनात नव्हतं.

"तुम्ही सरकारी कामात अडथळा आणताय," साहेब म्हणाले.

"अडथळा कसला?" काकी म्हणाली. "तुमचंच काम चाललंय की. सुनावणी."

"याने निर्णय बदलेल असं समजू नका. वर्दळीचा आकडा गोठवलाय."

"तुम्ही लिहून घ्या. बदलायचं तेव्हा बदला. पण आता कुणी विचारलं की हरकती किती, तर एक नाही सांगता येणार तुम्हाला."

कारकुनाचं हसू केव्हाच मावळलं होतं. शंभराच्या पुढे गेल्यावर तो नंबर घालायच्या आधी कागद वाचायला लागला होता. साहेबांनी दोनदा त्याला खुणावलं, नुसतं लिही. त्याचं लक्ष नव्हतं.

पाचला दहा मिनिटं असताना रांग संपली. एकशे शहाऐंशी झाले. दोनशे सत्तावीस माणसांचे कागद राहिले होते, वह्या संपल्या म्हणून. वह्या संपल्या, माणसं नाही, हे बाईंनी वेगळ्या कागदावर लिहून दिलं. तो एकशे सत्याऐंशीवा.

मग नावाडी खांबापासून हलला. शेडमध्ये गेला. कोळसा ठेवायच्या फटीतून त्याने चार घड्यांचा एक कागद काढला. तो त्याने सकाळीच लिहून ठेवला होता, की कालच, ते घरात कुणाला माहीत नव्हतं. बायको बघतच राहिली. सही सोडून काही लिहिताना तिने त्याला बघितलं नव्हतं. त्याने तो कारकुनाच्या हातात दिला.

"नंबर घाला."

कारकुनाने नंबर घातला. कागदांची चळत त्याच्या मांडीवर मावत नव्हती, शिपायाच्या आणि नकाशावाल्याच्या मांडीवरही होती.

"पाच वाजले," साहेब म्हणाले. "झालं समाधान? आता तरी भरली का तुझी नाव?"

नावाड्याने नावेत पाय टाकला. चौघांकडे बघितलं, कागदांकडे बघितलं.

"भरली," तो म्हणाला.

त्याने दोर धरला आणि ओढायला लागला. पट्टी नव्हती. काकी आणि धाकटी काठावर राहिल्या, आणि मागे पायऱ्यांवर सगळं गाव. नाव पाण्यात गेली, धक्का मागे पडला. बरोबर मध्यावर त्याचे हात थांबले.

"का थांबवलीस?" साहेबांचा आवाज जरा बदलला होता. पाणी इथे खोल होतं.

"शेवटचा कागद वाचा म्हणावं."

कारकुनाने साहेबांकडे बघितलं नाही. त्याने घड्या उलगडल्या. अक्षरं मोठी होती, ओळी खाली घसरत गेलेल्या. त्याने वाचलं, "फेरी एक. माणूस एक. पोटात एक. दोन्ही मी धरली नव्हती. माझी मुलगी."

नाव दोराला धरून हलत होती. साहेबांनी डोक्यावरचा रुमाल काढला, घडी केली, खिशात ठेवला.

"हे बघ," ते शेवटी म्हणाले, "हे वाईट झालं. पण हे मी कुठल्या रकान्यात बसवू?"

"ते मला नाही कळत," नावाडी म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो साहेबाच्या डोळ्यांत बघून बोलत होता. "चुकीचं मी मोजलं. ती चूक मी लिहून दिली, सगळ्यांसमोर. आता तुमची तुम्ही लिहा."

साहेबांनी पलीकडच्या जीपकडे तोंड फिरवलं. थोडा वेळ वाट बघून नावाड्याने पुन्हा दोर ओढायला घेतला.